झुंबरबाईचा अंगठा

झुंबरबाईने बावीस वर्षे माझ्यावर विश्वास ठेवला नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी तिच्याबद्दल चार बरे शब्द बोललो की तुम्हाला वाटायचे, हा तिचाच माणूस दिसतोय. मी कुणाचाच माणूस नाही. मी वाल्मीक. नाशिकला जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या भिंतीला टेबल लावून लोकांचे अर्ज लिहून देतो. आधी टाइपरायटरवर लिहायचो, आता लॅपटॉपवर लिहितो. माणसे तीच आहेत आणि त्यांची गाऱ्हाणीही तीच आहेत.

पेठ तालुक्यातल्या मोहखोंडा पाड्याची ही बाई पहिल्यांदा आली ती रेशनकार्डांचा अर्ज घेऊन. मी अर्ज टाइप केला, वाचून दाखवला आणि शाईचा पॅड पुढे केला. तिने कागद उचलला, घडी केली आणि सरळ समोरच्या चहावाल्याकडे गेली. त्याच्याकडून वाचून घेतला. मग एका एसटी कंडक्टरला थांबवून त्याच्याकडून वाचून घेतला. मग कॉलेजच्या एका मुलीकडून. प्रत्येक वेळी डोळे मिटून, मान खाली घालून ऐकत होती. तिघांचे वाचन जुळले तेव्हा परत येऊन अंगठा उठवला.

माझे डोके फिरले. "झुंबरबाई, मी काय चोर आहे का?"

"मी कुटं म्हनलं?" ती शांतपणे म्हणाली. "पन तू चोर नाय, हे तरी मला कुटं म्हाईत हाय?"

त्यानंतर बावीस वर्षांत तिचे शंभरेक अर्ज मी लिहिले असतील. प्रत्येक अर्ज तिघांकडून वाचून घेतला गेला. चहावाला तर तिला लांबून पाहूनच चष्मा पुसायला लागायचा. मी एकदा म्हटले, "इतक्या वर्षांत स्वतः वाचायला शिकली असतीस." तर म्हणाली, "मी एकटीनं वाचलं आन फसले, तर सांगनार कोन?"

हे वेड तिला कुठून लागले ते पुढे कळले. बाहत्तरच्या दुष्काळात ती नऊ-दहा वर्षांची होती. पाड्यावर जंगल खात्याचा एक साहेब आला. दुष्काळी कामाची यादी करायची आहे म्हणाला आणि लोकांकडून कोऱ्या कागदांवर अंगठे घेऊन गेला. तिच्या बापानेही दिला. पुढच्या पावसाळ्यात त्याच कागदावर मजकूर निघाला की डोंगरावरची ही जमीन आम्ही राजीखुशीने सोडत आहोत. बाप तरीही नांगर घेऊन वर जायचा आणि मार खाऊन खाली यायचा. शेवटी शेवटी तो चारचौघांत बसला की उजवा अंगठा मुठीत लपवून बसायचा, असे ती सांगते. हे सांगताना तिचाही अंगठा मुठीत गेलेला मी पाहिला आहे.

लग्न झाले, नवरा लवकर गेला, ती माहेरी परत आली आणि सगळ्या पाड्याची आत्या झाली. मग तिने कागदांचाच पिच्छा पुरवला. पेठहून नाशिकला तीन मोर्चे चालत आणले. चार वेळा पोलिसांनी उचलून नेले. रेशन आणले, शाळेला मास्तर आणला, आणि बाळंतिणींना झोळीतून न्यावे लागू नये म्हणून रस्ता आणला. एका वर्तमानपत्राने तिला 'आदिवासी हक्कांची रणरागिणी' म्हटले. ते कात्रणही तिने तिघांकडून वाचून घेतले आणि म्हणाली, "असलं लिहून आदी फुगवत्यात, मंग सही मागत्यात."

तिचे आणखी एक तत्त्व होते. काम होईपर्यंत कुठल्याही साहेबाला पाड्यावर चहा पाजायचा नाही. "चहा दिला की साहेब खुर्चीत बसतो. खुर्चीत बसला की वर चढत नाय. आन खुर्चीतून डोंगर दिसत नाय." तिचा थोरला भाऊ मंगळू, पाड्यावरचा सगळ्यात वयस्क माणूस, याला हे मुळीच पटायचे नाही. दारी आलेल्याला घोटभर चहा नाही म्हणजे काय! पण बहिणीपुढे त्याचे चालत नसे.

आता मुद्द्याचे सांगतो. त्या डोंगरावरची एकोणीस कुटुंबांची शेते हाच तिच्या आयुष्याचा शेवटचा झगडा होता. वनहक्क कायद्याने ती जमीन त्यांच्या नावावर होऊ शकत होती, पण डिसेंबर दोन हजार पाचच्या आधीपासून आपण ती कसतो, याचे दोन पुरावे द्यायला हवे होते. एक पुरावा म्हणजे म्हाताऱ्यांचा जबाब. मंगळूबाबाने तो दिला होता. दुसरा पुरावा म्हणजे चिरे.

चिरा म्हणजे गेलेल्या वडीलधाऱ्याच्या नावाने शेताच्या बांधावर रोवलेला हातभर दगड. वर चंद्र-सूर्य कोरलेले असतात, खाली घोड्यावर बसलेला माणूस. एकोणीस शेतांत एकोणीस चिरे होते, काही तर मंगळूबाबाच्या आजोबांच्या वेळचे. ज्याच्या बांधावर पणजोबाचा दगड आहे तो काल आलेला घुसखोर नाही, हे कुठल्याही समितीला मान्य करावे लागले असते. आणि चिऱ्याला पाड्यातल्या सगळ्यात वयस्क माणसाशिवाय कुणी हात लावत नाही, त्यामुळे ते कुठे जायची भीतीही नव्हती.

पाड्याने दाव्यांसाठी आपली एक समिती केली होती, तिच्यात शेते मोजायचे काम मनोजकडे होते. तिशी ओलांडलेला गडी, आयटीआयमध्ये सर्व्हेअरचा कोर्स केलेला, असे शिकलेला पाड्यावरचा पहिलाच. मोबाइल हातात धरून तो बांधाबांधाने फिरायचा आणि झुंबरबाईने त्याच्यामागे दोन बाया लावून दिल्या होत्या. त्याच्यावर नजर ठेवायला, हे उघडच होते. तो हसून सोडून द्यायचा.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी तिच्या कानावर घातले की करंजाळीच्या बाजारात मनोज एका फॉरेस्ट गार्डसोबत भजी खात बसला होता. त्याच दिवशी त्या दोन बायांनी सांगितले की तो नुसता मोजत नाही, प्रत्येक चिऱ्याचे फोटोही काढतो. झाले. शिमग्याला द्राक्षबागांत कामाला गेलेली माणसे परत येतात, पाडा भरलेला असतो. भर सभेत तिने त्याला उभे केले.

पुढचे मला मंगळूबाबाच्या नातीने, ललिताने सांगितले. ती तेव्हा तिथेच होती.

"फोटो कुनाला दाखवाया काढलं?"

"आत्या, आपल्याच फाइलला लावायला. फोटोत जागा आन तारीख येते."

"मला इचारलं व्हतं?"

"नाय."

"गार्ड कोन तुझा?"

"आश्रमशाळेत एका बाकावर व्हतो आमी."

"मंग आता पन एकाच बाकावर हाय का तुमी?"

सभा हसली. मनोज हसला नाही. झुंबरबाईने त्याला सगळ्यांसमोर एकोणीस फोटो पुसायला लावले. पुसलेले फोटो मोबाइलमध्ये आणखी महिनाभर पडून राहतात हे तिला कुठून कळले होते कोण जाणे, तिने ललिताला मोबाइल तपासायला लावून तिथूनही ते काढायला लावले. पाड्यावर रेंज नसते, त्यामुळे ते फोटो दुसरीकडे कुठे गेलेलेच नव्हते. मनोजला पाड्याच्या समितीतून काढले. दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन दिंडोरीकडे बागेच्या कामाला निघून गेला.

झुंबरबाई पुढच्या खेपेला नाशिकला आली तेव्हा हे सगळे तिने मला सांगितले. मी काय म्हणालो असेन? "बरं केलंस," म्हणालो. इतकी वर्षे तिच्या सहवासात राहून मलाही सगळ्या जगाचा संशय यायला लागला होता. ते दोन शब्द आज माझे मलाच बोचतात.

दिवाळी झाली आणि पाहणीची नोटीस आली. सरकारी समितीचे पथक वीस दिवसांनी येणार होते. या वेळी मी बरोबर यावे असे तिचे म्हणणे पडले. पंचनामा त्यांचा लेखनिक लिहील, पण शब्दाला शब्द अशी दुसरी प्रत तिला माझ्या हातची हवी होती. म्हणजे आता ती माझ्याकडून त्यांच्यावर पाळत ठेवणार होती, आणि माझ्यावर अर्थातच ललिता असणार होती.

सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही निघालो. वाटेत ती बोटांवर मोजत होती. कोण कुणाला भेटले, कोण हल्ली जरा जास्तच गोड बोलते, सगळे तिच्याकडे पाठ होते. "मन्या परवा परत आलाय म्हनं, भात काढायला," ती म्हणाली. "पाहनीच्या दोन दिस आदीच बरा आला!" मीही मान हलवली.

आम्ही पोचलो आणि मागोमाग पथकाची जीपही आली. पथकाच्या मॅडम तरुण होत्या, पायात बूट होते, हातात फाइल होती. त्यांचा लेखनिक माझ्या ओळखीचा निघाला आणि त्याने मला नमस्कार केला. झुंबरबाईने लगेच माझ्याकडे पाहिले. "ह्यो तुझ्या वळखीचा कसा?" मी म्हटले, "बाई, मी कोर्टाच्या भिंतीला बसतो, निम्मा जिल्हा माझ्या ओळखीचा आहे." तिचे समाधान झाल्याचे दिसले नाही.

समाजमंदिरासमोर मंगळूबाबा नवे धोतर नेसून उभा होता. चार खुर्च्या मांडल्या होत्या, चुलीवर चहा उकळत होता, आणि ओट्यावर हिरव्या डहाळ्यांनी काहीतरी झाकून ठेवले होते. मला वाटले, पूजा असेल.

"मॅडम, बसा. घोटभर चहा घ्या," बाबा म्हणाला. "मंग तुमाला..."

"दादा, चहा मागनं," झुंबरबाई मध्येच म्हणाली. "आदी वर."

"आगं पन बसू तर दे त्यांना. हितंच सगळं..."

"आदी वर म्हनलं ना!"

मॅडमना बरेच वाटले. त्यांना आणखी दोन पाडे करायचे होते. त्या तरातरा निघाल्या, मागे आम्ही. बाबा काठी आपटत काहीतरी ओरडत राहिला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिले नाही, मीही नाही.

डोंगरावर नागली कापायला आली होती. अजून आठवडाभर तिथे कुणाचे काम नव्हते, बांधांवर गवत कमरेपर्यंत वाढले होते. पहिले शेत झुंबरबाईचेच. तिने गवत बाजूला केले आणि ती तशीच वाकलेली राहिली.

तिथे खड्डा होता. चिरा नव्हता.

दुसऱ्या शेतात खड्डा. तिसऱ्यात खड्डा. माणसे पुढे पळाली आणि एकेका बांधावरून हाका यायला लागल्या, "आत्या, हितं पन नाय!" मॅडमनी फाइल उघडली. लेखनिकाने पेन काढले.

"मन्या!" झुंबरबाई किंचाळली. मनोज घोळक्याच्या मागे उभा होता. "कुटं नेलंस आमच्या बापाला? किती जनांनी मिळून उचललं, बोल!"

मनोज पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज चढलेला नव्हता. "आत्या, मी चिऱ्याला हात लावला नाय. नुसतं फोटो काढलं व्हतं. ते आज असतं तर..." एकोणीस घरची माणसे तिथे उभी होती आणि शिमग्याला हसलेली सगळी तोंडे आता जमिनीकडे पाहत होती. मला माझे 'बरं केलंस' आठवले.

तेवढ्यात खालून मंगळूबाबा आला. धापा टाकत, काठीवर सगळा भार देऊन, नव्या धोतराला कुसळे लागलेली.

"देव खाली हायत," तो म्हणाला. "समद्यांना मीच नेलं."

त्याला बसवले, पाणी दिले. मग त्याने सांगितले. त्याच्या हयातीत पाड्यावर आठ साहेब आले. कुणी चहा पिऊन, कुणी बिनचहाचा, पण आठही खुर्चीतच बसले आणि वर न चढताच 'काही आढळले नाही' असे लिहून गेले. नववाही तसाच असणार. मग आपल्या वाडवडिलांनीच त्याच्यासमोर जायला नको का? म्हणून नोटीस आल्यापासून रोज पहाटे एक, असे एकोणीस दिवस एकोणीस चिरे त्याने उकरले आणि खांद्यावर वाहून खाली आणून गोठ्यात पेंढ्याखाली लपवले. त्यांना अंघोळ घातली, शेंदूर लावला आणि आज डहाळ्या घालून ओट्यावर ओळीने बसवले. खुर्चीत बसल्या जागी साहेबाला सगळे दिसावेत म्हणून.

"मला सांगायचं नाय व्हय, दादा?" झुंबरबाईचा आवाज बसला होता.

"तुला सांगितलं असतं तर तू धा शंका काढल्या असत्या," तो म्हणाला. "कोन उचलंल, कोन चोरंल, कोन बगंल. मी म्हनलं, गुपचूप करावं."

ऐंशीच्या घरातला तो म्हातारा घामाने निथळत होता आणि आपण काय करून बसलो हे त्याला अजून कळले नव्हते. मला त्याचा राग यायला हवा होता. पण मी वहीत मान घातली.

मॅडम त्याच्याजवळ उकिडव्या बसल्या. "बाबा, मी वर आले असते हो," त्या म्हणाल्या. "दगड जागेवर होता म्हणून तो पुरावा होता. खाली आणलेला दगड कुठल्या शेतातला, हे आता कसं ठरवायचं?"

"मी सांगतो ना! येकेक मला ठाव हाय."

"तुमचा जबाब आधीच फाइलला आहे. तो एक पुरावा झाला. मला दुसरा हवा." मग त्या उठल्या आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या, "चिरे जागेवर असतानाचा एखादा तरी फोटो आहे का कुणाकडे?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. मनोजने नुसते एक बोट वर केले असते तरी सगळा पाडा झुंबरबाईकडे वळला असता. तो आपल्या चपलेकडे बघत राहिला.

लेखनिकाने लिहायला घेतले आणि मी माझ्या वहीत उतरवत गेलो. एकोणीस शेतांची पाहणी केली. बांधांवर खड्डे आढळले. चिरे आढळले नाहीत. चिरे समाजमंदिराच्या ओट्यावर असल्याचे आणि ते स्वतः हलवल्याचे मंगळू यांनी सांगितले. मॅडम म्हणाल्या की त्या फेरपाहणीची शिफारस करतील, पुढचे वरच्या समितीच्या हातात आहे, त्यांना शब्द देता येणार नाही. त्या खोटे बोलत नव्हत्या, इतके मला कळते.

"अजून लिवायचं हाय," झुंबरबाई म्हणाली.

लेखनिक थांबला. ती खड्ड्याच्या काठावर उभी राहून एकेक शब्द सांगत गेली. चिरे होते. त्यांचे फोटो होते. मनोजने काढले होते. ते मी भर सभेत पुसायला लावले. मग ती थांबली आणि पदराने तोंड पुसून म्हणाली, "मनोजवर मी खोटा आळ घेतला, हे पन लिव."

लेखनिकाने मॅडमकडे पाहिले. मॅडम म्हणाल्या, "लिहा."

पंचनामा पुरा झाला. आता तीन वाचणारे लागणार, म्हणून मी खिशातला चष्मा काढला आणि ललिताही पुढे आली. झुंबरबाईने आम्हा दोघांना हाताने बाजूला केले आणि कागद मनोजपुढे धरला.

"तू वाच."

मनोजने कागद घेतला. मी त्याच्या खांद्यावरून कागदावर नजर ठेवली, खोटे कशाला बोलू. एवढे होऊनही माझ्या मनात आले की आता सूड उगवायचा असेल तर याच्या हातात कागद आहे. तो सावकाश, ठळक वाचत गेला. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. चिरे होते, फोटो होते, ते मी पुसायला लावले. इथे तो थांबला आणि कागद खाली केला.

शेवटची ओळ त्याने वाचली नव्हती.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात झुंबरबाईच म्हणाली, "अजून येक ओळ हाय."

"हाय," मनोज म्हणाला. "ती मी नाय वाचनार, आत्या."

"कागदावर हाय ना?"

"हाय."

मी शाईचा पॅड उघडून धरला. तिने मूठ सोडली, अंगठा पॅडवर टेकवला आणि न ऐकलेल्या त्या ओळीखाली उठवला.

परतीच्या एसटीत मी एकटाच होतो. फेरपाहणीची तारीख अजून आलेली नाही. मनोज पाड्यावरच राहिला आहे. मंगळूबाबा एकेक चिरा ज्याच्या त्याच्या खड्ड्यात परत बसवतो, मनोज खड्डा मोकळा करून देतो, आणि त्याने फोटो काढण्याआधी आता झुंबरबाई स्वतः गवत बाजूला धरते, असे ललिता म्हणते. ऐकून मला बरे वाटले. आणि खरे सांगायचे तर मला मनोजचा हेवाही वाटला. बावीस वर्षे मी तिचे कागद लिहिले, पण नुसते मी वाचून दाखवले म्हणून तिने कधी अंगठा उठवला नाही.